आठच्या आतल्या शिट्ट्या

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर दोन शब्दांची एक नोंद आहे : ‘परिसर शांत.’ आजवर मी शेकडो नोंदी केल्या असतील. इतकी निष्काळजी नोंद दुसरी सापडत नाही. ती मी खोडलेली नाही. वही उघडली की आधी तीच दिसते, आणि ती दिसावी अशी माझी इच्छा आहे.

त्या उन्हाळ्यात मी दोन महिन्यांसाठी पिपरी मेघेला दादाच्या घरी आले होते. चेताविज्ञानात एम.एस्सी. झाले होते, पुढे दोन वर्षे एका प्रयोगशाळेत उंदरांवरील ताणाचा अभ्यास केला होता आणि आता पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायचा होता. विषय ठरलेला होता : स्वमग्न मूल वाढवणाऱ्या आईवडिलांवरचा ताण, आणि तो कशाने हलका होतो. हा विषय मी केवळ मायेपोटी निवडला असे म्हटले तर ते खोटे ठरेल. या क्षेत्रात आपल्याकडे काम कमी झाले आहे, मला पुढे जायचे आहे आणि अभ्यासाची सुरुवात घरातूनच करता येईल, इतका तो सरळ विचार होता.

घरात दादा, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी, माझी भाची. आईबाबा आता नाहीत. शहरात दादाचे पाइप आणि मोटरपंपांचे दुकान आहे, बाबांनी सुरू केलेले. भाचीला बोलते शब्द थोडेच येतात. तिची खेळणी म्हणजे दुकानातून आलेले, पाइप जोडायचे पांढरे एल्बो, टी आणि सॉकेट. बैठकीच्या फरशीवर ती त्यांची रांग लावते, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि रांग पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून.

माझ्याजवळ एक प्रश्नावली होती. तिसऱ्या आठवड्यात मी ती वहिनीला दिली. ती स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत बसली होती. डाळ बाजूला न सारता, मधूनमधून खडा वेचत तिने सगळी उत्तरे दिली. एक प्रश्न असा होता : ‘अडचणीच्या वेळी कुटुंबाबाहेरच्या किती जणांचा आधार तुम्हाला वाटतो?’ तिने विचार करायला एक क्षणही घेतला नाही. ‘कोणाचाही नाही’ या पर्यायासमोर खूण केली आणि कागद उलटला. मला त्या वेळी समाधान वाटले, हे मान्य करायला हवे. इतके स्वच्छ उत्तर संशोधकाला क्वचित मिळते.

शेवटचा प्रश्न मोकळा होता : सध्या तुम्हाला सर्वांत जास्त कशाची गरज वाटते? इथे मात्र ती थांबली. मग म्हणाली, “झोप. आंजीले, माह्या आईच्या घरी. एक रात.”

मी विचारले, तिथे काही कार्यक्रम आहे का. ती म्हणाली, “कार्यक्रम कायचा? मले फक्त झोपाचं हाय.”

आंजी आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. तिथे वहिनीच्या माहेरची शेती आहे, आई आहे, भाऊ आहे. चार वर्षांत ती तिथे एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. शेवटचा प्रयत्न चुलतभावाच्या लग्नातला. डीजे सुरू झाला तशी भाची मांडवातल्या खुर्च्यांखाली शिरली आणि किंचाळत राहिली. मग नातेवाईक बोलले. कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणाले आईने लहानपणी मोबाइल दाखवला म्हणून असे झाले. वहिनी त्याच संध्याकाळी परत आली आणि त्यानंतर तिने जाणे बंद केले. एकटीने जायचे तर मुलीला ठेवायचे कोणापाशी, हा प्रश्न होता. दादाला दुकान होते, आणि संपूर्ण दिवस मुलीला सांभाळण्याची त्याची हिंमतही नव्हती. तो तसे स्पष्ट कबूल करत असे.

मी सांगून टाकले की ती जाईल आणि मी सांभाळीन. दोन वर्षे मी उंदीर सांभाळले होते, ठरलेल्या वेळा पाळण्याची मला सवय होती.

“उंदरं रडत नाई ताई,” वहिनी म्हणाली.

मी तिला सांगितले की रडतात. घाबरलेला उंदीर फार उंच स्वरात ओरडतो, तो स्वर माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, इतकेच.

तिने हातातली डाळ खाली ठेवली. “मंग तुमाले कसं समजते?”

“यंत्र लावतो आम्ही.”

“हं,” ती म्हणाली. “माह्यापाशी यंत्र नाई बाप्पा.”

मी तिला म्हटले, सगळे लिहून दे : वेळा, खाणे, काय करायचे, काय टाळायचे. तिने नकार दिला. कागदावर ते येत नाही, म्हणाली, माझ्यापाशी बसा. मग मी नऊ दिवस तिच्यापाशी बसले. वही माझी होती. पण चौथ्या दिवसापासून आमच्या दोघींत संशोधक कोण, याविषयी मला शंका वाटू लागली.

आंघोळीचे पाणी पायापासून वर घ्यायचे. पोळी हाताने तोडायची, सुरीने नाही. पंखा बंद करायचा असेल तर बटणापाशी जाण्याआधी सांगायचे, आणि सांगितल्यानंतर दोन श्वास थांबायचे. एवढे कोणत्याही आईला माहीत असते, असे मी स्वतःला समजावत होते. पाचव्या दिवशी भाची शांतपणे एल्बो लावत बसलेली असताना वहिनी सहज उठली, दार लोटून घेतले आणि खिडकीचा पडदा ओढला. काही मिनिटांनी रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी भोंगा वाजवत गेली. मला वाटले, वहिनीने तो भोंगा दुरून ऐकला असावा. तिने तो ऐकला नव्हता. तिने मुलीचा डावा अंगठा पाहिला होता. काही त्रासदायक येणार असले की मुलीला ते आपल्याआधी कळते आणि तिचा अंगठा शेजारच्या बोटावर घासू लागतो. आधी सावकाश, मग भरभर. भरभर होण्याच्या आत जे करायचे ते करायचे.

मी त्या पानावर फक्त एवढेच लिहिले : ‘यंत्र आहे.’

दादा रोज सकाळी सातला भाचीला स्कूटरवर पुढे उभी करून रेल्वेच्या फाटकापाशी नेतो आणि आठला परत आणतो. दगडी कोळशाची लांबच लांब मालगाडी जाते, ती चाके पाहत राहते. एकदा दादा मला म्हणाला होता की दिवसभरातला तोच एक तास असा आहे, ज्यात त्याला कोणी काही विचारत नाही. मला कोडे पडले होते ते दुसरेच. जी मुलगी मिक्सरच्या आवाजाने भिंतीवर डोके आपटते, तिला इंजिनाचा भोंगा कसा चालतो? मी वहिनीला विचारले.

“ते तिले येतानी दिसते ना,” ती म्हणाली. “लांबून दिसते, मंग जवळ येते, मंग वाजते. कुकरची शिट्टी कुठून दिसन?”

ताण मोजणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत हे तत्त्व शिकवले जाते : आधी कळणारा त्रास प्राणी सोसतो, अचानक येणारा त्रास त्याला मोडतो. ते शिकायला मला पुस्तके, यंत्रे आणि दोन वर्षे लागली. बारावीनंतर लग्न झालेल्या या बाईने ते फाटकापाशी उभे राहून शोधले होते आणि त्यावर स्वयंपाकघर चालवले होते. वहिनी कुकर वापरत नसे. तूरडाळ ती गंजात, म्हणजे उघड्या पातेल्यात, तासभर शिजवत असे. मे महिन्यात, शेगडीपुढे. मी घड्याळ लावून तो तास मोजला होता आणि कुकर वापरल्यास तिचा किती वेळ वाचेल हे सुचवलेही होते.  तिचा कुकर माळ्यावर होता. वर गेला तो गेलाच; मुलगी बाहेर गेलेली असतानाही, ती लवकर परतली तर, या धास्तीने तो खाली येत नसे.

आणि बाहेरचे आवाज? त्यांची नोंद मी पहिल्याच दिवशी केली होती. महिनाभर दुपारी मी बैठकीत लिहीत बसे. गल्लीत आमच्याखेरीज सहा घरे, भिंतीला भिंत लागून. कूलरची घरघर सोडली तर काही ऐकू येत नसे. परिसर शांत.

दहाव्या दिवशी वहिनी निघाली. एक पिशवी, त्यात एक साडी. अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन ती तीनदा परतली : एकदा भाचीचे निळे ताट कुठे आहे ते सांगायला, एकदा काहीच न सांगता, आणि तिसऱ्यांदा मला बजावायला. “पाच वाजता मी फोन करते. रडली असन तं सहाच्या बसनं वापस येते. रात राह्यणं तवाच ठरवू. अन् ताई, मले खोटं सांगू नका. तुमच्या आवाजावरून मले समजते.”

समजेल, याविषयी मला आता शंका नव्हती.

सकाळ चांगली गेली. आंघोळ, पोळी, रांग. भाचीने मला आपल्यापासून हातभर अंतरावर बसू दिले; नऊ दिवसांची ही मोठी कमाई होती. साडेबाराच्या सुमारास ती रांगेच्या मध्यावर होती आणि मी तिच्या अंगठ्याकडे पाहत होते. अंगठा स्थिर होता.

शेजारच्या भिंतीतून कुकरची शिट्टी आली.

लांब, पूर्ण दाबाची शिट्टी. भाचीच्या तोंडून जो आवाज निघाला त्याचे वर्णन मी करणार नाही. तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि कपाळ फरशीवर आपटू लागली. मी धावले. यानंतरच्या काही मिनिटांत मी जे केले ते सगळे चुकीचे होते. तिला छातीशी घट्ट धरले. सलग बोलत राहिले, काही नाही, संपले, आत्या आहे ना. तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला. सगळ्यात वाईट म्हणजे मला माहीत होते की कुकर एका शिट्टीवर थांबत नाही. मी दुसरीची वाट पाहत होते आणि माझे ते वाट पाहणे तिला माझ्या हातांतून कळत असावे.

दुसरी शिट्टी आली नाही.

खिडकीचा पडदा अर्धा उघडा होता. त्यातून मला समोरच्या घरातल्या काकू दिसल्या. गुडघ्यांनी बेजार, पाटावरून उठायला भिंत धरणाऱ्या. मे महिन्याच्या भर दुपारी, तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावरून त्या अनवाणी धावत आमच्या शेजारच्या घरात शिरत होत्या. तोंडातून त्यांनी शब्द काढला नव्हता. तेव्हा मला त्याचा अर्थ लावायला सवड नव्हती.

मला वहिनीचे एक वाक्य आठवले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, “तिच्या आंगावर नोको जाऊ. तिच्या बाजूनं जा.” मी भाचीला सोडले. तिच्या डोक्याखाली उशी सरकवली, पाठ अर्धी वळवून शेजारी फरशीवर बसले आणि विस्कटलेल्या रांगेतले एल्बो उचलून, एकही शब्द न बोलता, लावू लागले. अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची. किती वेळ ते मी भिंतीवरच्या घड्याळात पाहत होते. सवय जात नाही. रडणे हुंदक्यांवर आले, हुंदके श्वासांवर आले. थकव्याने माझ्या हातून चूक झाली आणि एक इंचीच्या पुढे मी पाऊण इंची टी ठेवला. बाजूने एक छोटा, ओला हात आला. त्याने तो टी उचलला, दोन जागा मागे नेऊन ठेवला आणि तिथेच थांबला.

शिट्टीपासून चाळीस मिनिटे झाली होती.

दुपारी ती झोपल्यावर मागच्या दारावर बोटांनी टकटक झाली. पुढच्या दाराला बेल असताना बोटांनी. काकू उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे एक तरुण बाई, हाताला कणीक लागलेली, डोळे पाण्याने भरलेले. शेजारच्या घरात परवाच आलेली भाडेकरीण; आज तिने पहिल्यांदा कुकर लावला होता.

“झोपली?” काकूंनी विचारले. मी होकार दिला. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि दबक्या आवाजात मला जे सांगू लागल्या ते क्षमा मागितल्यासारखे होते. नवे बिऱ्हाड आले की पहिल्या दिवशी त्या स्वतः विरजण घेऊन जातात आणि तेव्हाच सांगून टाकतात. या वेळी त्या आठ दिवस लेकीकडे हिंगणघाटला गेल्या होत्या. काल आल्या, विसरल्या.

“काय सांगता तुम्ही?” मी विचारले.

“हेच. का शिट्ट्या आठच्या आत करून घ्याच्या.”

मला कळले नाही. त्यांनी मग ते मंद बुद्धीच्या मुलीला सांगावे तसे सांगितले. तुझा भाऊ पोरीला सातला फिरवायला नेतो, आठला आणतो. त्या तासात गल्लीतली सगळी घरे आपापले कुकर लावून मोकळी होतात. डाळ, भात, भाजीचे बटाटे, काय असेल ते. नंतर दिवसभर शिट्टी नाही. पाहुणे आले तरी नाही. तीन वर्षे झाली.

“कोणी ठरवलं हे?”

“ठरवते कोन? तुही वहिनी गंजात डाळ शिजोवे. मी म्हटलं, काऊन वो, कुकर बिघडला काय? तं म्हने पोरीले शिट्टी सहन होत नाई. मंग मी इचार केला, हे एकटी आगीपुढे उभी राह्यते तासभर, अन् आमी भिंतीपलीकून शिट्ट्या मारतो. तिच्या गंजाचा काय उपेग झाला मंग?”

भाडेकरीण मागून म्हणाली की तिला कोणी सांगितले नव्हते.

“आता सांगतलं ना,” काकू म्हणाल्या. “रड नोको. तुहा भात कच्चा राह्यला असन, माह्याकडे ये जेवाले.”

मी विचारले, वहिनीला हे माहीत आहे का. काकूंनी माझ्याकडे असे पाहिले की माझ्या शिक्षणाविषयी त्यांचे मत बदलले असावे. “तिले कायले सांगाचं? ओझं होईन तिले. रोज आपलं तोंड पाह्यन अन् तिले वाटन का लोकायचे उपकार हाय. तू भी सांगू नोको.”

त्या गेल्यावर मी बैठकीत येऊन बसले. भाची झोपेत होती, कूलर चालू होता, आणि भिंतींपलीकडे सहा घरांची दुपार होती. मी ती ऐकू लागले. भांडे ठेवल्याचा आवाज, नळ, कोणाचा तरी खोकला. महिनाभर मी जिला शांतता म्हणत होते, तिच्यात आता माणसे दिसू लागली. कोणीतरी दुपारी आलेल्या पाहुण्याला थांबवून उघड्या पातेल्यात भात शिजवत होते. कोणीतरी सकाळची झोप अर्धा तास मोडून डाळ भिजवत होते. तीन वर्षे, आणि त्यांच्यापैकी एकीनेही ते केल्याचे दाखवले नव्हते.

उंदरांच्या खोलीत मी रबरी तळव्यांची चप्पल घालत असे. पिंजऱ्याचे झाकण हातून पडले म्हणून मी एका मदतनिसाला रागावले होते, कारण एका आवाजाने आठवडाभराची निरीक्षणे वाया जातात. ती शांतता मी राखत होते, म्हणून तिची किंमत मला ठाऊक होती. इथे तीच शांतता दुसऱ्यांनी राखली, तर मी तिला हवामानासारखी नोंदवून मोकळी झाले. वहीतल्या त्या दोन शब्दांमागे सहा घरांचा आधार होता आणि प्रश्नावलीत खूण होती, कोणाचाही नाही. वहिनी खोटे बोलली नव्हती. तिला खरोखर कोणी दिसत नव्हते; काकूंनी ते दिसू नये याचीच काळजी घेतली होती.

पाच वाजायला दोन तास होते. काकूंचे म्हणणे मी बाजूला टाकू शकत नव्हते. त्या वहिनीला माझ्याहून अधिक जवळून ओळखत होत्या, आणि उपकाराचे ओझे मी कोणत्याही प्रश्नावलीत मोजले नव्हते. गल्लीने काय केले ते सांगितले नाही तर उरते ते इतकेच : मुलगी चाळीस मिनिटे रडली. ते ऐकून वहिनी सहाची बस पकडणार. खोटे बोलले तर तिला आवाजावरून कळणार, आणि त्यानंतर ती माझ्यापाशी मुलीला पुन्हा कधीच सोडणार नाही. मी दोन्ही बाजू नीट मांडून पाहिल्या आणि नीट मांडूनही काही सुटले नाही. माझ्या आयुष्यात असे फार वेळा झालेले नाही.

बरोबर पाचला फोन वाजला. तिने बाकी काही विचारले नाही.

“रडली?”

“रडली. चाळीस मिनिटं. कुकरची शिट्टी झाली, शेजारून. कपाळाला थोडी सूज आहे. आता बरी आहे, रांग लावते आहे.”

 “मी येते. बस हाय सहाची.”

“थांब वहिनी. अजून संपलं नाही.”

आणि मी सांगितले. एक शिट्टी झाली आणि दुसरी का झाली नाही, ते. काकूंचे अनवाणी पाय. सातपासून आठपर्यंतचा तास, सहा घरे, तीन वर्षे, विरजणाबरोबर जाणारा निरोप. मी अहवाल द्यावा तसे क्रमाने सांगत होते.

 तिकडे कोणीतरी गुरांना हाक मारत होते ते ऐकू आले. मग तिने विचारले, “साऱ्याच?”

“साऱ्याच.”

“मले वाटे,” ती सावकाश म्हणाली, “त्यायले ड्युटीचे डबे राह्यते, म्हून सकाळी एवढी घाई.” मग म्हणाली, “पोट्टी रडली का मी खिडक्या लावत होती ना ताई. लोकायले तरास नोको म्हून.”

मी भाचीकडे वळून बसले. 

“अंगठा कसा हाय तिचा?”

मी पाहिले. “चूप हाय,” मी म्हटले. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून घरची बोली निघाली नव्हती.

“मंग,” वहिनी म्हणाली, “झोपू काय मी?”

“झोप.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती परत आली. आधी भाचीपाशी जाऊन हातभर अंतरावर बसली. भाचीने मान वर केली नाही, फक्त एक सॉकेट उचलून तिच्या गुडघ्याजवळ ठेवला. वहिनीने तो तिथेच राहू दिला. मग मला सांगितले की संध्याकाळी जेवून आडवी झाली ती थेट सकाळी उठली. “आई दोनदा पाहून गेली म्हने, जित्ती हाय का म्हून.”

दुपारी मी प्रश्नावलीची कोरी प्रत तिच्यासमोर ठेवली. आधाराचा प्रश्न पुन्हा भरून दे, म्हटले. पहिले उत्तर चुकले होते. तिने कागद वाचला आणि परत केला.

“राहू द्या. तवा मले तसंच वाटत होतं. ते खोटं कसं होईन?”

मोजमापाच्या क्षणी जे होते ते नोंदवावे, नंतर कळलेले मागे जाऊन भरू नये, हा नियम माझ्या मार्गदर्शकांनी माझ्याकडून दोन वर्षे घोकून घेतला होता. तो मी मोडायला निघाले होते आणि वहिनीने मला थांबवले. नवीन उत्तर मी निराळ्या पानावर लिहिले, काकूंचे म्हणणेही, आणि त्याखाली एक प्रश्न : ज्याची जाणीवच नाही, असा आधार ताण हलका करतो का? माझा प्रस्ताव पुढे त्या प्रश्नावर उभा राहिला.

काकूंना काही कळू द्यायचे की नाही, याबद्दल वहिनी बोलली नाही. पण आंजीहून येताना ती बसस्थानकाजवळ उतरून बाजारात गेली होती. पिशवीतून तिने एक छोटी पुडी काढली आणि ओट्यावर ठेवली. संध्याकाळी स्टूलवर चढून तिने माळ्यावरून कुकर खाली काढला, चिंच लावून घासला आणि त्याची वाळून कडक झालेली रिंग काढून टाकली. पुडीत नवी रिंग होती.

सकाळी सातला दादाची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. मी अंगणात उभी होते. पहिली शिट्टी कोपऱ्यातल्या घरातून आली. मग आमच्या डावीकडून, मग दोन एकदम, मग समोरून काकूंची, थोडी घोगरी. महिनाभर मी त्या तासाला झोपलेली असे. कोणीच कोणाला खूण करत नव्हते, तरी एकीची संपली की दुसरीची सुरू होत होती. मी हातात वही घेऊन आले होते. ती मी उघडली नाही.

मग आमच्या स्वयंपाकघरातून शिट्टी झाली.

समोरचे दार उघडले. काकू एक हात चौकटीला धरून बाहेर आल्या आणि आमच्या घराकडे पाहत राहिल्या. खिडकीत वहिनी होती, पदराने कपाळ पुसत. दोघींपैकी कोणीही हात हलवला नाही. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मग काकूंची नजर माझ्याकडे वळली.

“पोटात राह्यत नाई तुह्या काही,” त्या म्हणाल्या, आणि आपला कुकर उतरवायला आत गेल्या.